सोनबाची अफू सुटली ते दिवस

सोनबा आता चाकणला असतो, तीन वर्षांचा झालाय. त्याला मी आठवत नसेन. पण मॅट्रिकचं पुस्तक उघडलं की मला आठवीतले तेच दिवस आठवतात!

त्याची आई छबूमावशी पिंपरीला कारखान्याच्या बांधकामावर पाट्या वाहायची. नगरकडची, एकटी. परांचीवरून पडून तिचं मांडीचं हाड मोडलं. तिला दवाखान्यात ठेवलं आणि चार महिन्यांचा सोनबा माझ्या आईनं आमच्या घरी, चिंचवडला आणला.

पहिल्या दिवशी तो नुसता झोपला. शेजारच्या गोजाबाई म्हणाल्या, "लई गुणाचं प्वार हाय."

दुसऱ्या दिवशी ते गुणाचं प्वार थरथरायला लागलं. दूध ओकलं. रडणं असं, की कौलं हलावीत! छबूमावशीच्या बोचक्यात अफूची डबी निघाली. कामावर जाताना ती त्याला रोज चाटवायची.

"त्यात काय? आमीबी दिलीया. द्या, हुईल गप," गोजाबाई म्हणाल्या. आई डबी फेकायला निघाली. दवाखान्यातल्या नर्स सुमनताई बाळाला बघायला आल्या आणि त्यांनी दोघींनाही झापलं. "एकदम तोडली तर पोर दगावेल. हळूहळू उतरवायची, मी सांगेन तशी."

डोळे कुणाचे तेज? माझे! खरा दाणा शेजारी ठेवून मी तेवढीच अफूची गोळी करायची. आधी बाजरीएवढी, मग मोहरीएवढी, मग राजगिऱ्याएवढी.

राजगिऱ्यावर गाडी अडली. सोनबा दिवसभर रडला. त्याला खांद्यावर घेऊन मी इतिहासाच्या सनावळ्या म्हटल्या, तरी रडला. गोजाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "शिकलेली मानसं! रडवून मारत्याल लेकराला."

खोटं कशाला सांगू, माझा हात डबीकडे गेला होता. थोडी वाढवली असती तर कुणाला कळलं असतं? मी डबी आईच्या हातात कोंबली. "ही माझ्यापासून लांब ठेव."

आठ दिवसांनी गोळी पुरती बंद झाली, तो पोटभर दूध प्यायला आणि माझी वेणी ओढून हसला.

दिवाळीनंतर छबूमावशी काठी टेकत आली. तिनं उचलताच सोनबानं भोकाड पसरलं. ती घाबरलीच. "ह्यो रडतो की! डबी कुठंय? सोमवारपासून खडी फोडायला बसायचंय मला."

"डबी नाही मिळायची," मी म्हटलं. "कामावर जाताना त्याला इथं सोडायचं. दुपारपर्यंत आई, शाळा सुटली की मी."

"अगं, मला विचारलंस का?" आई म्हणाली.

"आता विचारते."

"दिवसभर रडंल त्यो," छबूमावशी पुटपुटली.

"रडू दे की!"

तेवढ्यात कुंपणावरून आवाज आला, "सकाळच्याला माझ्याकडं टाका. तुज्या आईनं भाकरी कवा थापायच्या?"

छबूमावशी काठी टाकून ओट्यावर बसली आणि सोनबाबरोबर तीही रडायला लागली.