खिटीला थेंबभर तेल

"दात्यांना ग्रीस, खिटीला मात्र थेंबभर तेल. आणि काही चुकलं, तर आधी मला सांगायचं."

मित्रांनो, हा आवाज माझ्या मालकांचा. ते आपल्या लेकीला शिकवत होते, आणि ती म्हणाली होती, "सांगेन, बाबा."

मी एक जुनी चरखी आहे. एका शिडाच्या बोटीवर माझी जागा. शिडात वारा भरला की दोर माणसाच्या हाताला आवरत नाही. मग तो माझ्या अंगाभोवती गुंडाळायचा, डोक्यात दांडा घालून मला फिरवायचं, की शीड निमूट जवळ येतं. माझ्या पोटात लहानशा खिट्या आहेत. त्या टक् टक् करत दात्यांत बसतात आणि मला मागे फिरू देत नाहीत. सगळा भरवसा त्यांच्यावर.

मी ओतीव काशाची. नवी होते तेव्हा माझ्यात तोंड दिसायचं. मालक कितीही दमून आलेले असोत, मला गोड्या पाण्याने धुऊन पुसल्याशिवाय घरी जात नसत. तो त्यांचा नेमच होता. मालकीणबाई धक्क्यावरून म्हणत, "आमच्या डोक्यावरून कधी असा हात फिरला नाही हो." मालक हसत आणि मलाच आणखी एकदा पुसत.

पुढे एकदा त्यांना बरं नव्हतं, म्हणून माझं धुणं-पुसणं आणि तेल-ग्रीस लेकीने अंगावर घेतलं. पोर मायेनेच करत होती. ग्रीस चांगलं, तर जास्त ग्रीस जास्त चांगलं, असं तिला वाटलं असावं. तिने ते खिट्यांनाही लोण्यासारखं थापलं. मला कळत होतं, पण मला वाचा कुठली?

नंतरच्या फेरीत वारा गार होता. ग्रीस थिजलं, खिट्या आत चिकटून बसल्या. ताणलेल्या दोराने मला उलटं फिरवलं, दांडा गरकन फिरला आणि मालकांच्या मनगटावर बसला. हाड जुळलं, पण मूठ पुन्हा पुरती वळली नाही. ते मात्र सगळ्यांना एकच सांगत राहिले, "माझाच हात सुटला, आता वय झालं." बोटीवर येणंही त्यांनी सोडलं. दोष माझ्या पोटात आणि ठपका त्यांच्या हातावर. ताडपत्रीखाली हिरवी पडत मी हेच गिळत राहिले.

शेवटी बोट विकायचं ठरलं. त्याआधी जुनं सामान काढून दुरुस्त करावं, म्हणून लेक मिस्त्रींना घेऊन आली. लेकही आता चांगली मोठी बाई झाली आहे. माझे बोल्ट हलेनात, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "हिचा पाय निघत नाही बघा घरातून." खिट्यांमागची बारीक स्प्रिंग उडून पाण्यात जाऊ नये म्हणून त्यांनी माझ्याभोवती पुठ्ठ्याचं खोकं बसवलं आणि मला उघडलं.

"खिटी झिजलेली नाही, ताई. चिकटलीय. एवढं ग्रीस थापलं कोणी?"

लेकीने वाकून खिटीवरच्या ग्रीसवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी." आणि पाठोपाठ, अगदी हळू, "म्हणजे बाबांचा हात सुटलाच नव्हता."

मिस्त्री भला माणूस. त्यांनी रॉकेलचा डबा पुढे ओढला आणि म्हणाले, की रॉकेलमध्ये टाकलं की साफ होईल, कोणाला कळायचंही नाही. एकेक खिटी त्यांनी धुतली, तिला थेंबभर तेल दिलं. किती वर्षांनी माझ्या पोटात टक् असा आवाज झाला! मला आनंद व्हायला हवा होता. पण मी स्वच्छ होत होते आणि तिकडे मालक अजून स्वतःच्या हाताला बोल लावत बसले होते.

शेवटच्या खिटीपाशी लेकीने मिस्त्रींचा हात धरला. "ही राहू द्या."

मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या वस्तूंना जपा, वेळच्या वेळी पुसा. पण आमच्या पोटात काही दडवून ठेवू नका. आम्हाला ते ओकता येत नाही हो.

लेकीने ती खिटी, ग्रीस न पुसता, रुमालात बांधली. फळीवरून ती धक्क्यावर उतरली आणि वडिलांच्या घराकडे चालू लागली.