पहिला शब्द

कुजबुजे हे त्यांचं आडनाव नव्हे. नाटक कंपनीत सगळी हयात त्यांनी विंगेत स्टुलावर बसून काढली. नट अडला की त्याला पुढचा शब्द पुरवायचा हे काम, त्यावरून हे नाव पडलं आणि असं चिकटलं की पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारी. या कामाची एक रीत असते. अख्खं वाक्य कधी सांगायचं नाही. पहिला शब्द द्यायचा, तोही नुसत्या ओठांनी, आणि प्रेक्षकांना शांतता जाणवायच्या आत द्यायचा. बाकीचं नट आपणहून बोलतो. कुजबुजेंच्या जिवावर भलेभले टाळ्या घेऊन गेले, आणि त्यांचं स्वतःचं तोंड एकाही प्रेक्षकाने पाहिलं नाही. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. पण म्हातारपणी हीच विद्या घरात वापरायची पाळी येईल, असं मात्र त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत लहान मुलांना शिकवायच्या, म्हणून सगळ्या गल्लीच्या बाई. जीभ अशी तिखट की भाजीवाला वजनात मारायच्या आधी दोनदा विचार करी. या बाई विसरायला लागल्या. आधी चष्मा, किल्ल्या. ते कोण विसरत नाही? मग एकदा दूध गॅसवर ठेवून जिना उतरल्या आणि खाली नुसत्याच उभ्या राहिल्या, कुठे निघालो तेच आठवेना. आणि एके दिवशी भर दुपारी कुजबुजेंना अगदी अगत्याने म्हणाल्या, जेवूनच जा हं, आमचे हे येतीलच इतक्यात. कुजबुजे पाहुण्यासारखे पानावर बसले आणि जेवले.

मुलगा परगावी, मोठ्या हुद्द्यावर. आईबापांवर जीव टाकणारा, तक्रारीला जागा नाही. पण कुणा ओळखीच्या आजोबांना असंच विसरायला झालं तेव्हा तो सहज म्हणून गेला होता की आपल्यात कुणाचं असं झालं तर सरळ चांगल्या संस्थेत ठेवायचं, उगाच हाल नकोत. आता कुजबुजे तशी संस्था बघून आले होते, कंपनीतल्या एका जुन्या नटाला भेटायला गेले तेव्हा. जागा स्वच्छ, माणसं प्रेमळ. फक्त पुरुष खालच्या मजल्यावर, बायका वरच्या, आणि विसरणाऱ्यांचा भाग वेगळा, त्याला बाहेरून कडी. बाईंना त्या कडीच्या आत नेतील आणि आपल्याला भेटायची वेळ ठरवून देतील, या एका भीतीने त्यांनी सगळं झाकायचं ठरवलं.

आणि काय झाकलं म्हणता! मुलाचा फोन आला की तो स्पीकरवर टाकून कुजबुजे बाईंच्या समोर खुर्ची ओढून बसत. तिकडून प्रश्न आला की इकडे ओठ हलत. म्हाताऱ्या माणसांची तब्येत बघायला दवाखान्यातून एक सिस्टर घरी येई. रक्तदाब झाला, वजन झालं की ती बाईंना वार, महिना, ऋतू असलं काहीबाही विचारी. कुजबुजे चहाचा ट्रे घेऊन बरोब्बर सिस्टरच्या पाठीमागे उभे. त्यांच्या ओठांवर 'बुध' एवढं दिसलं की बाई ठणकावत, "बुधवार. का, तुझ्या घरी कॅलेंडर नाही वाटतं?" सिस्टर हसून बेजार. आजी एकदम ठणठणीत आहेत, असं ती मुलालाही फोनवर सांगे. आजोबांना मात्र चक्कर येते म्हणतात, त्यांना एकदा मोठ्या डॉक्टरांकडे न्या, असंही तिने सांगितलं होतं. पण कुजबुजे जाणार कसे? बाईंना घरी एकटं ठेवायची सोय नाही आणि बरोबर न्यावं तर बिंग फुटायचं. उद्या बघू, परवा बघू करत त्यांनी चक्कर अंगावर काढली.

मग व्हायचं तेच झालं. बाईंना आंघोळ घालून, कपडे घालून ते नळ बंद करायला वळले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ओल्या फरशीवर आडवे झाले. मांडीच्या वर काहीतरी कटकन मोडलं. शेजारी सांग, असं ते कसंबसं म्हणाले. बाई लगबगीने गेल्या. दार उघडल्याचं ऐकू आलं, मग लावल्याचं. परत येऊन म्हणाल्या, असे काय झोपलात, गार लागेल ना, आणि चादर आणून अंगावर नीट घातली. त्यांनी पुन्हा सांगितलं, बाई पुन्हा गेल्या, या खेपेला उशी घेऊन आल्या. मधेच मुलाचा फोन वाजला. एरवी समोर कुजबुजे असत; आज नव्हते, तरी सवयीने बाईंनी झकास निभावून नेलं. आम्ही मजेत आहोत, बाबा आंघोळीला गेलेत. कुजबुजेंनी आतून ओरडायचा जिवापाड प्रयत्न केला, पण घशातून जन्मभराचा तोच आवाज निघाला, विंगेबाहेर न जाणारा. शेवटी नळाचं पाणी खाली गळायला लागलं म्हणून खालची शेजारीण भांडायला वर आली, तेव्हा कुठे माणसं धावली.

मुलगा मिळेल त्या गाडीने आला आणि दवाखान्यातच राहिला. ऑपरेशन झालं. गुंगी उतरताना कुजबुजेंनी, पडदा टाका, अरे कुणीतरी पडदा टाका, असा धोशा लावला. डॉक्टरांनी मुलाला समजावलं की या वयात ऑपरेशननंतर असा भ्रम होतो, काही दिवस काहीही बोलतील, मनावर घेऊ नका. मुलाने ते नीट लक्षात ठेवलं. नेमकं तेच नको होतं.

कुजबुजे शुद्धीवर आले तेव्हा मुलाने सगळं ठरवून टाकलं होतं. बाबा महिनाभर इथेच, व्यायाम करवून घेतील. आई घरी. शेजारीण सकाळ-संध्याकाळ डोकावेल. मला उद्या निघायलाच हवं. पलंगाशेजारच्या स्टुलावर बाई बसल्या होत्या, साडी उलटी नेसलेल्या. मुलाला वाटलं, धांदलीत नेसली असेल. कुजबुजेंच्या डोळ्यांपुढे गॅस आला, जिना आला, उघडं दार आलं. संस्था गेली खड्ड्यात, कडी तर कडी, पण हिला एकटी ठेवू नका, एवढंच त्यांच्या मनात उरलं. त्यांनी मुलाला जवळ बोलावलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं: दूध, फोन, सिस्टर, ट्रे, सगळं.

मुलाने त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. त्याचा यातल्या एका अक्षरावर विश्वास बसला नव्हता. तुम्ही पडलात त्याच दिवशी मी आईशी बोललो, ती चांगली बोलली, असं तो म्हणाला. मग उशी कशाला आणली तिने, असं कुजबुजेंनी विचारलं. घाबरली असेल बिचारी, असं त्याचं उत्तर. बाईंनीही मान डोलावली आणि म्हणाल्या, यांचं हल्ली असंच चालतं.

"तिला विचार," कुजबुजे म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर. काय वाटेल ते विचार."

मुलगा दमला होता. बापाचं समाधान व्हावं म्हणून त्याने दुसरं स्टूल ओढलं आणि आईसमोर बसला. कुजबुजेंनी डोळे मिटून घेतले. काही झालं तरी या खेपेला तोंड उघडायचं नाही, बसू दे हिला अडकून, सगळ्यांना दिसू दे. त्यांनी दातावर दात धरले.

आज वार कोणता, असं मुलाने विचारलं. बाई म्हणाल्या, दवाखान्यात सगळे वार सारखेच. मुलगा हसला. आता चेष्टेच्या सुरात त्याने विचारलं, "बरं, मी कोण ते तरी सांगशील?"

शांतता झाली. नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय हे कुजबुजेंना श्वासावरून कळे, तिथे कधी चूक झाली नव्हती. बाईंचा श्वास थांबला होता. म्हणजे मुलाची ओळखही गेली होती! कुजबुजेंनाही हे ठाऊक नव्हतं. अजून दोन क्षण, म्हणजे मुलाला कळणार होतं. त्यांनी डोळे उघडले. बाई त्यांच्याचकडे बघत होत्या. समोरचा हा दांडगा माणूस कोण, याने आपल्याला का पकडलंय, काही कळत नव्हतं त्यांना, आणि नजरेत नुसती याचना होती की अहो, सांगा ना. मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू उतरायला लागलं होतं.

कुजबुजेंचे ओठ हलले. लहानपणी गोलमटोल होता म्हणून बाईंनीच त्याचं लाडाचं नाव ठेवलं होतं. त्यातलं पहिलं अक्षर तेवढं त्यांनी दिलं.

"भोपळ्या," बाई म्हणाल्या आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, आईची परीक्षा घेतोस?"

पन्नाशीच्या त्या माणसाने आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि तो हसता हसता रडला. कितीतरी वर्षांत तिने या नावाने हाक मारली नव्हती. मग डोळे पुसून तो उठला, बाबा, आता पटलं ना, असं प्रेमाने म्हणाला आणि आईला हाताला धरून निघाला. तिला घरी सोडून, सामान भरून त्याला सकाळची गाडी गाठायची होती. दारातून बाईंनी वळून बघितलं आणि कुणी परक्याला करावा तसा त्यांना वाकून नमस्कार केला. मुलगा तेव्हा लिफ्टचं बटण दाबत होता.

कुजबुजेंनी उठायची धडपड केली तशी वॉर्डातली नर्स धावत आली. तिचा हात त्यांनी घट्ट धरला.

"मी सांगितलं तिला," ते म्हणाले. "तिला येत नव्हतं. मी सांगितलं."

"हो आजोबा, सांगितलंत हं," नर्स म्हणाली आणि तिने पलंगाचा कठडा वर केला.