बंद खोलीतला मोकळा प्रिंटर

सोमवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी मी रक्ततपासणीचा एक रिपोर्ट छापला. कागद स्वच्छ निघाला, अक्षर ठळक होतं. तो घ्यायला कोणी आलं नाही, कारण माझ्या खोलीला बाहेरून कुलूप होतं.

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. या इस्पितळाच्या रिपोर्टच्या खिडकीवर मी अकरा वर्षं काढली. खोक्यातून मला बाहेर काढलं ते आक्कांनी. आक्का म्हणजे खिडकीवरच्या कारकून. त्यांचं खरं नाव आता पगारपत्रकातच उरलं आहे. माझ्यात कागद अडकला की त्या झाकण उघडून दोन बोटांनी तो हलकेच ओढून काढायच्या. इतर लोक थापट्या मारायचे. "मारू नका रे, तुमच्याआधी कामाला लागतो बिचारा," असं त्या म्हणायच्या. याहून मोठं कौतुक माझ्या वाट्याला आलं नाही, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

पुढे माझे रबरी रूळ झिजले. कागद ओढताना मी खर्र असा आवाज करू लागलो. नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी खिडकीमागच्या सामानाच्या खोलीत झाली, मोडक्या खुर्च्यांशेजारी. माझ्या वायरी मात्र कोणी काढल्या नाहीत. "असू दे, अडीअडचणीला होईल," असं म्हणून भांडारपालांनी कुलूप लावलं. माझ्या पोटात अर्धा गठ्ठा कागद तसाच राहिला. दोन वर्षं मी एक अक्षरही छापलं नाही.

त्या रविवारी इस्पितळातल्या साऱ्या प्रिंटरांचा कारभार पाहणारं नवं सॉफ्टवेअर सुरू झालं. कोणता कागद कुठे छापायचा हे आता माणसांनी ठरवायचं नव्हतं. जो प्रिंटर मोकळा, त्याला काम, असा त्याचा नियम होता. त्याने वायरीवरून सगळ्यांना हाक मारली. मीही ओ दिली. दोन वर्षांनी कोणीतरी विचारलं होतं. आणि अख्ख्या इस्पितळात माझ्याइतकं मोकळं दुसरं कोण असणार?

सोमवारचा तो रिपोर्ट एका म्हाताऱ्या सुताराचा होता. त्यांच्या पोटातल्या गाठीतून थोडं थोडं रक्त जात होतं. साडेदहाला ऑपरेशन होतं. त्याआधी छापील रिपोर्ट भूलतज्ज्ञांच्या हातात पडला नाही, तर टेबल दुसऱ्या रुग्णाला मिळणार होतं. हे मला कळलं ते पातळ भिंतीपलीकडून. त्यांची मुलगी खिडकीशी उभी होती.

"छापलाय असं दाखवतंय, बाळ," आक्का म्हणाल्या.

"कोण दाखवतंय?"

"कॉम्प्युटर."

"मग त्यालाच विचारा ना, ठेवलाय कुठे!"

आक्कांनी पुन्हा पाठवला. मी पुन्हा छापला. चार वेळा असं झालं. कॉम्प्युटर विभागाचा इंजिनिअर आला.

"सगळं हिरवं आहे, आक्का. काहीच प्रॉब्लेम नाही."

"हिरवं घेऊन काय करू? भाजी आहे का ती? कागद दे."

"हाताने लिहून द्या ना," मुलगी म्हणाली.

"आता चालत नाही गं. वर गेला की परत पाठवतात."

दहाला दहा मिनिटं होती. आक्कांनी पाचव्यांदा पाठवला आणि मी खर्र केलं. या वेळी खिडकीशी कोणी बोलत नव्हतं, म्हणून तो आवाज पलीकडे पोचला.

"थांबा," आक्का म्हणाल्या. "हा आवाज माझ्या ओळखीचा आहे."

किल्ली भांडारपालांकडे होती आणि ते पलीकडच्या इमारतीत मीटिंगला गेले होते. मुलगी म्हणाली, कुलूप तोडा. पहारेकरी म्हणाला, लेखी हुकूम आणा. दार उघडलं तेव्हा दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. माझ्या ट्रेमध्ये एकावर एक पाच रिपोर्ट होते, पाचही बिनचूक. मुलीने सर्वांत वरचा उचलला आणि ती धावत वर गेली. अकराला ती परत आली. टेबल दुसऱ्याला दिलं गेलं होतं. पुढची तारीख गुरुवारची मिळाली.

आक्का मला रागावल्या नाहीत. त्यांनी हाताने माझ्यावरची धूळ पुसली. मला ते जास्त लागलं.

इंजिनिअरने माझा प्लग काढून पाहिला. त्याबरोबर माझ्या वाट्याचे सगळे कागद मी परत येण्याची वाट पाहत अडकून बसले, म्हणून त्याला तो पुन्हा लावावा लागला. यादीतून माझं नाव काढण्याचा अधिकार फक्त मुख्य कार्यालयाला होता. त्याने तक्रार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आणि ते माझ्याकडेच छापलं गेलं: "प्रिंटर व्यवस्थित चालू आहे. तक्रार बंद करण्यात येत आहे."

तेव्हापासून दुसरी किल्ली आक्कांच्या कमरेला असते. अर्ध्या अर्ध्या तासाने त्या येतात.

मित्रांनो, जुनी वस्तू ठेवायची असेल तर तिची विचारपूस करा. काढायची असेल तर नीट निरोप देऊन काढा. आणि पडद्यावर काम झालं असं दिसलं, तरी उठून जा आणि ते कोणाच्या हातात पोचलं हे एकदा डोळ्यांनी पाहा. आम्ही यंत्रं हाकेला ओ देतो. दाराला कुलूप आहे, हे आम्हाला सांगता येत नाही.

गुरुवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी सुतारांचा नवा रिपोर्ट माझ्याकडेच आला. सोमवारी हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक चार होतं, आता सात पूर्णांक एक. आक्का दारातच उभ्या होत्या. त्यांनी कागद हातात घेतला, आकडा वाचला आणि तो मुलीला दिला. सव्वाआठला रक्ताच्या दोन पिशव्यांची मागणी छापली गेली.

आज शनिवार आहे. त्या नावाचा आणखी एकही कागद माझ्याकडे आलेला नाही, आणि सुतारांचं पुढे काय झालं हे भिंतीपलीकडूनही ऐकू आलेलं नाही.