सशाची पुडी

या, असं जवळ सरकून बसा. गोष्ट सांगतो, आणि हसू आलं तर दाबू नका. हसत्या घरी देवसुद्धा दोन घटका जास्त टेकतो.

साल चौऱ्याण्णव. निरवांगीच्या शाळेतल्या ज्योत्स्नाबाई बारामतीच्या, विज्ञान शिकलेल्या. दर गुरुवारी पोरांना माळावर न्यायच्या, आणि शिकवायला जोडीला कोण, तर मेंढरं राखणारी दगडाबाई! विस्तार अधिकारी कुंडलिकरावांना हे खपेना. "आज येतो. पोरं हुंदडताना दिसली की तास बंद," असा त्यांचा निरोप.

त्या दिवशी धडा होता लेंड्यांचा. दगडाबाई नुसतं बघून सांगायची, "ही टोकाची हरणाची, ही चपटी सशाची." मग बाई ती फोडून भिंगाखाली धरायच्या, की जनावरानं काय खाल्लं ते पोरांना दिसे. सतरंजीवर पुड्या मांडून झाल्या. एकादशी होती, म्हणून पोरांनी अभंग धरला.

तेवढ्यात साहेब आले. पोटात उपासाचा खड्डा, कानावर अभंग, समोर पुडीत काळ्या मनुकांसारखं काहीतरी. साहेबांनी चपला काढल्या, एक दाणा उचलून कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

"अवो सायेब, ते सशाचं हाय!" दगडाबाई ओरडली.

"सशाचं काय?" साहेब चावतच होते.

चौथीतली शबीना म्हणाली, "लेंडी, सर."

साहेबांनी थू थू करून माळ डोक्यावर घेतला.

"भिऊ नगा," दगडाबाई म्हणाली, "वाळल्यालं गवातच हाय त्ये. शेरडाचं असतं तर वंगाळ लागलं असतं."

बाई मात्र भिंग घेऊन धावल्या. "पोरांनो, या! काय सुरेख फुटलीय! धागे बघा गवताचे!" आणि मग आपण काय बोललो ते कळून त्यांनी जीभ चावली.

साहेब गरजले, "शेरेबुक आणा!"

आणलं. साहेबांनी लिहिलं, 'माळावरचा तास बंद करावा, कारण...' आणि पेन अडलं. शेरेबुक तालुक्याला चारचौघं वाचणार.

"लिवा की खरं," दगडाबाई म्हणाली. "एकादशीला खोटं लिवू नगा."

साहेबांनी ओळ खोडली. खाली लिहिलं, 'तास चालू ठेवावा. पुड्यांवर नावे ठळक लिहावीत.'

दगडाबाईला अक्षर येत नव्हतं. साहेबांनी काय लिहिलं ते शबीनानंच तिला वाचून दाखवलं. म्हातारी आता नाही. तेव्हा मायबापहो, संध्याकाळी दिवा लावाल तेव्हा तिचं नाव तेवढं घ्या.