कठड्यावरचे पांढरे ओघळ

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीला टाळं लागलं आणि आरसेमावशींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. खोलीत येईल त्या पेशंटला तेच चिवट जुलाब. आणि खोली पुसत कोण होतं? मावशी! ज्यांनी पुसलेल्या खाटेच्या कठड्यात बघून डॉक्टर भांग पाडायचे, त्या मावशी.

त्यात त्यांच्या धाकट्या जावेचं पोटाचं ऑपरेशन ठरलेलं. नंतर तिला वेगळी खोली हवीच, आणि रिकामी तेवढी हीच. तपासणीत खोली स्वच्छ ठरली तर ठीक, नाहीतर ऑपरेशन लांबणीवर. इकडे जाऊ दुखण्याने अर्धी झालेली.

जंतुसंसर्ग बघणाऱ्या सिस्टर काम पाहायला दारात उभ्या राहिल्या. मावशींनी साबणाने पुसलं, ब्लीचचं पाणी फिरवलं आणि सवयीप्रमाणे मागोमाग कोरडं फडकं. कठडा लखलखला.

"थांबा मावशी, इथेच घोडं पेंड खातंय," सिस्टर म्हणाल्या. "या जंतूंचे बीजाणू टणक कवचात दडून बसतात. ब्लीच त्यांच्यावर बराच वेळ ओलं राहायला हवं. तुम्ही तर लगेच टिपून घेता."

मावशींनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. ज्या फडक्याचा एवढा तोरा मिरवला, तेच फितूर निघालं की. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. मग त्यांनी फडकं सिस्टरच्या हातात दिलं.

"हे तुमच्यापाशी ठेवा. माझ्या हाताचा मला भरवसा नाही."

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. साबण, मग सढळ हाताने ब्लीच. कठडे, बेलचं बटण, दाराची मूठ, संडासाची कळ, काही म्हणून सोडलं नाही. वाळायला लागलं की पुन्हा ओलं. पाणी ओघळत होतं आणि मावशींचे हात नुसते शिवशिवत होते. शेवटी त्यांनी ते काखेत दाबून धरले. वाळल्यावर जिकडेतिकडे पांढरे ओघळ. त्यांना बघवेना.

तपासणीचा निकाल घेऊन सिस्टर जिन्यापासूनच हसत आल्या. बीजाणू औषधालाही सापडला नव्हता. मावशी मटकन स्टुलावर बसल्या आणि रडल्या, सगळ्यांदेखत, पोटभर.

ऑपरेशन नीट झालं. खोलीत आणल्यावर जावेने डोळे किलकिले करून कठडा पाहिला.

"जाऊबाई, हे ओघळ कसले? माझ्या ताटावर एवढासा डाग दिसला तर घर डोक्यावर घेता की."

"हात लावू नकोस त्यांना," मावशी ऐटीत म्हणाल्या. "त्यांच्याच जिवावर झोपली आहेस इथे."

आणि बादली उचलून त्या शेजारची खोली ओली करायला निघाल्या.