सिस्टर बसून राहिल्या

मी बाक बोलतोय. शाळेतला नव्हे, बागेतलाही नव्हे. देशाचे कायदे जिथे होतात त्या सभागृहातला, सत्ताधाऱ्यांच्या बाजूचा, तिसऱ्या रांगेतला. माझ्यावर दोन माणसं बसतात आणि समोरच्या तिरक्या फळीवर कागद ठेवतात. निदान ठेवावेत अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ती फळी वाजवायलाच जास्त उपयोगी पडते.

एका जुन्या झाडाच्या खोडातून आम्ही सगळे बाक निघालो, म्हणजे सख्खी भावंडंच. कोणाचं नशीब पहिल्या रांगेत, कोणाचं पार मागे दाराजवळ. पण खाली जमीन लाकडाची आहे, त्यामुळे एकाच्या अंगावर काय झालं ते दुसऱ्याला कळायला वेळ लागत नाही. मला घडवणाऱ्या सुतारानं माझी पाठ मुद्दाम ताठ ठेवली. "इथे बसणाऱ्याला झोप लागता कामा नये," असं तो आपल्या जोडीदाराला म्हणाला होता. बिचारा! त्याला डुलकीभाऊ भेटायचे होते.

डुलकीभाऊ माझ्या उजव्या अंगाला बसतात. हे नाव त्यांना विरोधकांनी ठेवलं, पण स्वपक्षीयांनी जास्त प्रेमानं वापरलं. माणूस मनानं वाईट नाही. जेवून आले की मान छातीवर टेकते ती टेकतेच. पण आपल्या पक्षाचं कोणी बोलायला उठलं आणि बोलता बोलता थांबलं, की त्यांचा हात झोपेतसुद्धा माझ्यावर धाडकन पडतो. सभागृहात टाळ्या वाजवायला मनाई आहे, म्हणून पसंती दाखवायची ती बाक वाजवून. एकानं वाजवलं की सगळी रांग वाजवते. मेंढरामागे मेंढरू. इतक्या वर्षांत कशासाठी काय वाजवलं गेलं ते सांगायला बसलो तर तुम्हाला हसू येईल. एकदा तर अध्यक्षांनी शिंकायला भाषण थांबवलं, तेव्हाही मी मार खाल्ला आहे.

माझ्या डाव्या अंगाला सिस्टर आल्या, तेव्हा मला पहिल्यांदा हलका हात माहीत झाला. एका लष्करी छावणीच्या गावात त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. "अर्ध्या गावाला मी इंजेक्शनं दिलीत, लोक मला घाबरून मत देतात," असं त्या हसत सांगायच्या. पहिल्याच दिवशी डुलकीभाऊंनी त्यांना टोकलं.

"सिस्टर, तुम्ही वाजवत नाही?"

"आधी ऐकते तर खरं, काय बोलतायत ते."

"ऐकत बसाल तर वाजवायचं राहून जाईल हो."

बोलणाऱ्याचं ऐकताना त्या माझ्या कडेवर तीन बोटं टेकवून बसायच्या, नाडी बघावी तशा. मला ती सवय फार आवडायची.

समुद्रापलीकडच्या एका देशात लढाई पेटली होती आणि आपले सैनिक तिकडे गेले होते. थोडीच माणसं, थोडेच दिवस, असं इथे याच सभागृहात सांगितलं गेलं होतं. तेव्हाही आम्हाला बडवून काढलं होतंच. मग दिवसांचे महिने झाले आणि जखमी परत यायला लागले. सिस्टर दर सुट्टीत आपल्या जुन्या दवाखान्यात जाऊन त्यांच्याजवळ बसत. परत आल्या की त्यांच्या हातांना औषधाचा वास असायचा आणि बोलणं कमी झालेलं असायचं.

अशात सत्ताधारी पक्षाच्या नेत्यांनी नवा ठराव आणला. आता तिप्पट फौज पाठवायची, म्हणजे एकदाचा निकाल लागेल. सिस्टरनी पक्षाच्या बैठकीत विरोध केला, पण पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हा त्यांनी सभागृहातच बोलायचं ठरवलं. ही कुणकुण पक्षाच्या प्रतोदांना लागली. प्रतोद म्हणजे कोणी कुठे मत द्यायचं ते पाहणारा माणूस, मेंढपाळच म्हणा ना. ते माझ्यावर हात टेकून वाकले.

"सिस्टर, बोला हवं ते. पण मतदानाला उभं राहायचं. नाहीतर पक्षात जागा राहणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

"तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं," सिस्टर म्हणाल्या.

प्रतोदांना त्या डगमगल्या नाहीत. खरी परीक्षा पुढेच होती. मधल्या सुट्टीत सदस्यांना घरच्या माणसांना आत आणून आपली जागा दाखवता येते. त्या दुपारी सिस्टरचे थोरले भाऊ आले. सभागृह रिकामं होतं. ते डुलकीभाऊंच्या जागी बसले. त्यांचे हात खरबरीत होते.

"बेबी, तू विरोध करणार म्हणे?"

पांढऱ्या केसांच्या सिस्टरना कोणी बेबी म्हणतं, हे मला नवीनच होतं.

"हो, दादा."

"माझा पोरगा तिकडे आहे. तुझा भाचा. तू अंगाखांद्यावर खेळवलंस त्याला."

"म्हणूनच करतेय ना."

"अगं, माणसं कमी पडतायत म्हणून तर तो अडकलाय! रजा मिळत नाही, बदली मिळत नाही. जास्त माणसं गेली तर त्याला घरी सोडतील. एवढं साधं तुला कळत नाही?"

"आणि जी जातील त्यांना कोण सोडवणार? त्यांच्यासाठी आणखी पाठवायची?"

"मला दुसऱ्यांच्या पोरांचं सांगू नकोस." दादांचा आवाज चिरकला. "जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे. तू नको म्हणालीस आणि त्याचं काही बरंवाईट झालं, तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

ते निघून गेले. सिस्टर तशाच बसून राहिल्या. त्यांची बोटं माझ्या कडेवर होती, पण या वेळी त्या काही ऐकत नव्हत्या. त्यांनी मला घट्ट धरलं होतं. मला हात असते तर मीही त्यांना धरलं असतं.

सुट्टी संपली. वरच्या प्रेक्षकांच्या सज्जात दादा बसलेले त्यांना दिसले असतील, कारण उठताना त्यांनी एकदाच वर पाहिलं. मग त्या बोलू लागल्या. कागद नव्हता.

"मी नर्स आहे. जखम भरत नसेल तर आम्ही पट्टी सोडतो आणि आत काय झालंय ते बघतो. वरून आणखी पट्ट्या गुंडाळत नाही. गुंडाळल्या तर पांढरंशुभ्र दिसतं खरं, पण आत सडत जातं. या लढाईची पट्टी आपण एकदाही सोडून बघितलेली नाही. तिकडे माझ्याही घरचं माणूस आहे. त्याला परत आणायला दुसऱ्याच्या घरचं माणूस पाठवा, असं मला म्हणवत नाही. म्हणून हात जोडून सांगते, आणखी एकही माणूस तिकडे पाठवू नका."

त्या पाणी प्यायला थांबल्या.

आणि घात झाला. आपल्याकडचं माणूस बोलताना थांबलंय, एवढंच डुलकीभाऊंना झोपेत कळलं. हात धाडकन माझ्यावर. मागची रांग जागी झाली, पुढची रांग जागी झाली. मोबाईलमध्ये डोकं घातलेले, कानगोष्टी करणारे, सगळे धडाधड बाकं वाजवायला लागले. सत्ताधाऱ्यांची अख्खी बाजू 'एकही माणूस पाठवू नका' याला दणक्यात पाठिंबा देत होती! विरोधक आधी चक्रावले आणि मग पोट धरून हसायला लागले. प्रतोद दोन्ही हात हलवत उभे होते, पण त्या गदारोळात कोण बघतो. नेत्यांनी मागे वळून पाहिलं तेव्हा कुठे आवाज एकदम बंद पडला.

सिस्टर हसल्या नाहीत. ग्लास खाली ठेवून त्या शेजारी वळल्या.

"काय बोलले मी, भाऊ?"

डुलकीभाऊंनी हात फळीवरून मागे घेतला. हाताला घाम सुटला होता, तो माझ्या फळीवर उमटला.

"ऐकलं असतंत, तर वाजवलं असतंत का, एवढंच मला कळू द्या," सिस्टर म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मतदान झालं. बाजूनं असतील त्यांनी उभं राहायचं अशी पद्धत आहे. रांगेमागून रांग उठली. माझ्या उजव्या अंगावरचं ओझं हललं, परत टेकलं, पुन्हा हललं. शेवटी डुलकीभाऊ उठले. डाव्या अंगावरचं ओझं तसूभरही हललं नाही. आमच्या सगळ्या बाजूत तेवढी एकच जागा भरलेली होती, आणि ती माझ्यावर होती. ठराव मंजूर झाला. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या सुतारासाठी खूश झालो. त्यानं ठेवलेल्या ताठ पाठीला शोभणारं माणूस तिथे टेकलं होतं.

सिस्टरना पक्षातून काढलं. आता त्या अगदी मागे, दाराजवळच्या बाकावर बसतात. तो माझा धाकटा भाऊ, त्यामुळे खबर पोचते. एका मधल्या सुट्टीत दादा तिथे आले. सिस्टरच्या शेजारी बसले.

"नवी माणसं पोचली तिकडे," ते म्हणाले. "त्यांना वाटा दाखवायला जुना माणूस पाहिजे म्हणून पोराला ठेवून घेतलं. रजा रद्द."

'मी म्हटलं नव्हतं का?' असं सिस्टर मुळीच म्हणाल्या नाहीत. डबा उघडून त्यांनी दादांपुढे सरकवला.

"जेव, दादा. तोंड बघ कसं झालंय."

भाचा अजून तिकडेच आहे. बहीणभाऊ आता दर आठवड्याला त्याच्या फोनची वाट एकत्र बघतात.

परवा नेते लढाईची माहिती द्यायला उभे राहिले. "आपल्या फौजा निकरानं लढत आहेत," म्हणाले आणि थांबले. झालं, सगळीकडून धडाधड सुरू. डुलकीभाऊंचाही हात सवयीनं वर गेला. मी मार खायला तयार झालो. पण हात खाली येईना. तो हवेत थांबला, मग अलगद माझ्या कडेवर आला आणि तीन बोटं तिथे टेकली.

बाबांनो, मी लाकूड आहे. मला मारल्यानं दुखत नाही, हवं तेवढं वाजवा. पण तुमच्या एका दणक्यानं कोणाचं तरी माणूस घरातून उठून समुद्रापलीकडे जातं. तेव्हा हात उचलाल तेव्हा जरा थांबा, आणि समोरचा काय म्हणाला ते आधी ऐका.