बोंबलांचा वाटा

"मावशी, खरं सांग. पार्सलात तू काय घातलं होतंस?"

"बोंबील," लुईझा म्हणाली. "का? पोचलं नाय?"

डायनाने कपाळ टेबलावर टेकवलं. वसई गावातल्या जितेशच्या सायबर कॅफेत प्लायवूडच्या आडोशांमध्ये तीनच कॉम्प्युटर मांडलेले होते, आणि मावशी-भाची एकाच खुर्चीवर अर्ध्या-अर्ध्या बसल्या होत्या.

"पोचलं. सगळ्यांना पोचलं. इंदूरला पोचलं, अहमदाबादला पोचलं. ठाण्याला उन्नती मॅडमच्या घरी तर नेमकं एकादशीला पोचलं. त्यांच्या सासूबाईंनी उघडलं."

"मग?"

"मग काय मग? अगं, प्राणीमित्र आहेत हे सगळे! यातले निम्मे लोक अंडंसुद्धा खात नाहीत. हे ऐक, हा बंगलोरचा माणूस काय लिहितोय. 'एक जीव वाचवायला पैसे दिले, तर चाळीस जिवांची प्रेतं घरपोच मिळाली.'"

लुईझाने क्षणभर विचार केला. "चाळीस नाय, पन्नास घातलेले. मोजायला चुकला असंल."

पलीकडच्या आडोशातून जितेश खोकल्यासारखा हसला.

"एक पन बरं बोलला नाय?" लुईझाने विचारलं.

"कोलकात्याच्या एकाने विचारलंय, कांद्यात करायचे की बटाट्यात."

"बटाट्यात," लुईझा ताबडतोब म्हणाली. "लिव त्याला. आधी तव्यावर शेकून घे, मग धू, मग टाक."

"मावशी, मस्करी नाही चालली. उन्नती मॅडमनी उरलेले पैसे थांबवलेत. ऑपरेशन अडकलं तांडेलचं."

पडद्यावर तिच्या कुत्र्याचा फोटो होता, आणि त्याच्याखाली लोकांचं बोलणं न संपणाऱ्या दोरीसारखं खाली खाली जात होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिने फोटोकडेच बघितलं.

वसईच्या कोळीवाड्यात, पाचूबंदरात, होडीच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात. हा कुत्रा पिल्लू होता तेव्हापासून सगळ्यांच्या पुढे चालायचा, म्हणून लुईझाच्या नवऱ्याने, सेबेस्टियनने, त्याला हे नाव दिलं होतं. किनाऱ्यावर लुईझाच्या वलांडी होत्या. वलांडी म्हणजे उभ्या बांबूंना आडव्या बांधलेल्या दोऱ्यांच्या ओळी. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, की दोन-तीन उन्हांत माल तयार. पण ती दोन-तीन उन्हं कावळे, मांजरं आणि भटकी कुत्री यांच्यापासून माल राखायचा कोणी? तर तांडेलने. दोरीवरच्या मालाला त्याने कधी तोंड लावलं नाही. खाली पडेल तो त्याचा. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. लुईझाला वाटे, त्याने तिचं बघून ठरवलं असावं.

बर्फाचा टेंपो मागे घेताना त्याच्या उजव्या मांडीवरून चाक गेलं. डॉक्टर वसुंधरा वसई रोडला जनावरांचा दवाखाना चालवत. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवला: मांडीच्या हाडाचे सरळ दोन तुकडे. एक तर मुंबईहून सर्जन बोलावून पट्टी आणि स्क्रू घालून हाड जोडायचं, नाहीतर पाय काढायचा. दुसरं काम त्या स्वतः करू शकत होत्या, आणि त्याला खर्चही फार नव्हता. पहिल्याचा आकडा ऐकून सेबेस्टियन बाहेर जाऊन उभा राहिला.

"जोडता येतंय तर तोडायचं कशाला?" लुईझा म्हणाली.

डायना तिच्या बहिणीची मुलगी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. ऑर्कुटवर कुत्र्या-मांजरांवर जीव असणाऱ्यांचा एक गट होता, त्यात ती होती. तिने जितेशचा कॅमेरा मागून आणला, फोटो काढला, इंग्रजीत चार परिच्छेद लिहिले आणि खाली स्वतःच्या बँक खात्याचा नंबर टाकला. आठवडाभरात अर्धे पैसे जमले. डायनाने ते डॉक्टरांकडे भरले. उरलेले गटाने गोळा करून थेट दवाखान्यात द्यायचे, असं ठाण्याच्या उन्नती मॅडमनी कबूल केलं. गट त्याच चालवत.

पैसे आले तशी लुईझा बेचैन झाली. होडी लागली की मासळीचे वाटे पडतात: होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा, खलाशांचा. वाटेने जाता जाता कोणी दोर ओढायला हात लावला, तरी त्याच्या हातात चार मासे पडतात. तो मागत नाही, आणि कोणी त्याला तसा सोडतही नाही. इथे तर कुठल्या कुठल्या गावच्या, तोंड न बघितलेल्या माणसांनी दोर ओढला होता. आभाराची कार्डं पाठवायला म्हणून डायनाने पत्ते छापून दिले, तेव्हा लुईझाने ते हातात घेऊन विचारलं होतं, "कार्ड काय खानार हाय का कोनी?" डायनाला तो विनोद वाटला. लुईझाने उत्तम माल निवडला, तीन-तीन पिशव्यांत बांधला, वर कापड शिवलं, पत्ते चिकटवले आणि पोस्टात नेऊन दिला.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर उन्नती मॅडम स्वतः आल्या. बंदरावर गाडी शिरली तशी फाटलेलं जाळं तुणत बसलेल्या वॉल्टरने हाळी दिली, "लुईझा, कुत्र्याची भिक्षा आली गं! झोळी घेऊन ये!"

"तुज्या बायकोला पाठव, तिला सवय हाय," लुईझाने दारातून परत दिलं.

उन्नती तिशीची असेल. कडक इस्त्रीचा कुडता. आल्या आल्या ती तांडेलजवळ गेली आणि जमिनीवरच, वाळूत आणि खवल्यांत, मांडी घालून बसली. बँडेजला हात न लावता तिने त्याच्या कानामागे खाजवलं. तांडेलने तिचं मनगट चाटलं. लुईझाला ती आवडली. भांडायला आलेलं माणूस असं बसत नाही.

"लुईझाताई, पार्सलाचं मी समजू शकते," उन्नती म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं. पण लोक फार दुखावलेत. आमच्या आई तर दोन दिवस जेवल्या नाहीत. घरातला वास अजून..."

एवढ्यात सेबेस्टियन चहाचे कप घेऊन बाहेर आला.

"हे कोण?"

"माजा नवरा," लुईझा म्हणाली.

उन्नतीने डायनाकडे पाहिलं. डायना समुद्राकडे पाहत होती.

"पण ते तर... समुद्रात बुडाले ना?"

"मी?" सेबेस्टियनने कप खाली ठेवले. "कंदी?"

लुईझा म्हणाली, "डायना, तू काय लिवलंस ते मराठीत सांग."

"मावशी, नंतर..."

"आता सांग."

डायनाने मान खाली घालून सांगितलं. निराधार विधवा. नवऱ्याला समुद्राने नेलं. एकदाच जेवते, आणि त्या जेवणातला अर्धा घास कुत्र्याला देते.

"घास?" सेबेस्टियन म्हणाला. "मला देत नाय ती अर्धा घास."

कोणी हसलं नाही, तसा तो आत निघून गेला.

"तसं लिहिल्याशिवाय कोणी देत नाही मावशी," डायना रडवेल्या आवाजात म्हणाली. "आधी मी साधं लिहिलं होतं. एकाने पन्नास रुपये दिले, बस्स."

उन्नतीचा चेहरा लाल झाला होता. "मी रडले होते हो ते वाचून. ऑफिसात." ती थोडा वेळ नुसती तांडेलचे कान चोळत राहिली. मग तिने आवाज खाली आणला. "हे बघा, यात कुत्र्याचा काही दोष नाही. नवऱ्याचं मी कोणाला सांगणार नाही. तुम्ही फक्त माफी मागा, पार्सल चुकून गेलं म्हणा. आणि बरा झाल्यावर तांडेलला आमच्याकडे द्या. कर्जतला मैत्रिणीचं फार्महाऊस आहे. इथे उन्हात त्याला राखणीला बसवता, ते गटातल्या लोकांना पटत नाही. एवढं केलंत तर उरलेले पैसे मी उद्या भरते. मी स्वतः."

"आनि नाय केलं तर?"

"तर मी काय सांगणार लोकांना? पैसे दुसऱ्या कुत्र्यासाठी जातील. रांग लागलेली आहे, ताई."

लुईझाने तांडेलकडे बघितलं. चार पाय. कर्जतचं गवत. सावली असेल, वेळेवर खायला घालतील, जवळ डॉक्टर असेल. नाही म्हणावं असं त्यात काही नव्हतं. म्हणूनच ती बघत राहिली. चहावर साय धरली.

"बाय," ती शेवटी म्हणाली, "तुज्या सासूबाईंची एकादशी मोडली, त्यांची माफी मागते. फोन लाव, आता मागते. पन पार्सल चुकून नाय गेलं. मी पाठवलं. फुकटचं घेनारी बाई नाय मी, आनि माजा कुत्रापन फुकटचं खात नाय. काम करतो तो. त्याला उन्हात बसवत नाय कोनी, तो आपला बसतो. घर हाय त्याचं हे."

"आणि पाय?"

"पाय त्याचा हाय, मला ठाऊक हाय."

"ताई, फक्त दोन ओळींचा प्रश्न आहे."

"दोन ओळी लिवूनच माजा नवरा बुडला ना?"

उन्नतीने फोन लावला. लुईझाने सासूबाईंची माफी मागितली, हात जोडून, जणू बाई समोरच होत्या. पलीकडून काय उत्तर आलं ते तिने कोणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी तिने डायनाला पुन्हा कॅफेत बसवलं.

"लिव. माजा नवरा जिवंत हाय. जाळी तुनतो. मी दोन येळा जेवते, सनाला तीन येळा. बोंबील मी पाठवले, कारन तुमी दोराला हात लावला. तुमी शाकाहारी हाव ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर दुसरं कायतरी पाठवलं असतं, पन पाठवलं असतंच. ज्याला पैसे परत पायजेत त्याने सांगावं, होळी सनापर्यंत देते. कुत्रा कोनाला देनार नाय."

"मावशी, माझं नाव जाईल गटातून. सगळे मला खोटारडी म्हणतील."

"म्हनतील. दोन दिवस ऐकून घे. मी पन ऐकते वॉल्टरचं."

डायनाने डोळे पुसले आणि टाइप केलं. शेवटच्या वाक्याला तिची बोटं थांबली, तेव्हा लुईझाने नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या लिखाणाखाली उन्नतीने एकच ओळ लिहिली: मी जाऊन पाहिलं आहे, यातलं सगळं खरं आहे. तिच्या खाली मात्र इतरांनी जे लिहिलं ते डायनाने मावशीला मराठीत सांगितलं नाही. पैसे परत मागणारे दोघेच निघाले. नवीन पैसे कोणी दिले नाहीत.

डॉक्टर वसुंधरांनी हाडाची टोकं एकमेकांवर कशी चढतायत ते दाखवलं. आता थांबण्यात अर्थ नव्हता. जमलेल्या पैशांत पाय काढणं बसत होतं.

"दिला असतात त्यांना, तर चारही पाय राहिले असते," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. एक्स-रे वाचावा तसं त्या बोलल्या.

"होय."

"पश्चात्ताप होईल का?"

"होईल कंदीतरी," लुईझा म्हणाली. "त्याच्यासंगती घरी बसून होईल. तुमी काढा."

टाके काढल्यावर तांडेल घरी आला. चार दिवस तो ओट्यावर पडून राहिला आणि जो तो येऊन त्याला बघून गेला. बायका हळहळल्या. वॉल्टर म्हणाला, "लुईझा, आता तिपाई म्हनून इक." लुईझाने त्याला ओल्या बोंबलाची टोपली उचलायला लावली.

पाचव्या दिवशी सकाळी तांडेल आपण होऊन उठला. माल उतरत होता, किनाऱ्यावर माणसं होती. तो सगळ्यांच्या मधून, दर पावलाला डोकं खाली-वर करत, होड्या बांधायच्या खांबापर्यंत गेला. खांब हुंगला. मग सवयीप्रमाणे त्याने डावा मागचा पाय वर उचलला.

खाली टेकायला दुसरा पाय नव्हता. तो बाजूवर कोसळला.

डायना पुढे धावली. लुईझाने तिचा दंड पकडला. "थांब."

"मावशी, जखम—"

"थांब म्हनते ना."

तांडेल उठला. थोडा वेळ तो खांबासमोर नुसता उभा राहिला, मग पुन्हा डावा पाय उचलला आणि पुन्हा पडला. वॉल्टर टोपली खाली न ठेवता बघत होता. लुईझाच्या हाताची बोटं डायनाच्या दंडात रुतली होती, पण ती जागची हलली नाही.

तिसऱ्यांदा उठल्यावर तांडेलने पाय उचलला नाही. तो खांबापाशी अर्धा फिरला, उलट्या तोंडाने उभा राहिला, म्हणजे खांब त्याच्या उजव्या अंगाला आला. तिथे उचलायला काही नव्हतंच. त्याने डावा पाय वाळूत घट्ट रोवला, कान मागे घेतले आणि खांब भिजवला. सावकाश, कुठलीही घाई न करता.

वाळूतून ओघळ निघाला आणि उताराने वॉल्टरच्या पायांकडे आला. वॉल्टर टोपलीसकट दोन पावलं मागे सरला.